हेउंदे येथील भाताची वाटी

कोणत्याही देशाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास ताम्रपट, शिलालेख, बखरी व दफ्तरें यांकडे धांव घेण्याची आपली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु जीं माणसें ताम्रपटांत येत नाहींत व ज्यांचीं घरें कागदपत्रांसह युद्धांत जळून गेलीं, त्यांचा इतिहास कोठें शोधावयाचा, हा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही एक अगदीं सामान्य साधन वाचकांपुढें ठेवणार आहों. तें म्हणजे कोरिया देशाच्या आग्नेय टोंकास, बुसान शहरीं, हेउंदे नांवाच्या समुद्रकिनाऱ्यामागील गल्लींत आढळणारी साधी, नव्या थाटाची खाणावळ. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें अशा खाणावळी हारीनें आहेत, आणि एकीचें वर्णन केलें तर तें बहुतेक सर्वांस लागू पडेल.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. इ. स. च्या ९ व्या शतकांतील विद्वान् चे चि-वन याचें ‘हेउन’, म्हणजे ‘समुद्रमेघ’, असें टोपणनांव होतें. त्यावरून या जागेस हेउंदे हें नांव पडलें अशी परंपरा आहे. चीनच्या तांग दरबारची परीक्षा उतरून हा पंडित मायदेशीं परतला, तेथील राजकारणास कंटाळला, आणि भटकत भटकत या किनाऱ्यावर येऊन रमला, असें सांगतात. आज त्याच सुमारें दीड किलोमीटर लांबीच्या पुळणीस लागून गगनाला भिडणाऱ्या इमारती उभ्या आहेत. त्यांतील सर्वांत उंच इमारत १०१ मजल्यांची असून ती २०१९ सालीं पुरी झाली. उन्हाळ्यांत पुळणीवर छत्र्यांची इतकी दाटी होते कीं वाळू क्वचितच दिसावी.

पोहून दमलेले लोक मागल्या गल्लींतील खाणावळींत शिरतात. तेथें लांकडी मेजें मांडलेलीं असतात. मेजाच्या कडेस एक खण असतो, त्यांत पोलादी चमचे व पोलादी काड्या. मेजावर एक कळ असते, ती दाबली कीं वाढपी येतो. न मागतां चारपांच लहान बशा पुढें येतात. त्यांत किमची, मुळ्याच्या फोडी, मोड आलेलीं कडधान्यें असे पदार्थ असतात, व ते संपल्यास बहुधा पुन्हां फुकट मिळतात. मग झांकण असलेल्या लहानशा पोलादी वाटींत भात येतो. ज्यास बर्फाळ पाण्यांतील गव्हाच्या शेवया हव्या असतील तो मिलम्यन मागतो. ज्यास ऊन पाहिजे तो डुकराच्या हाडांच्या कढणांतील भात, म्हणजे द्वेजी गुकबाप मागतो. आणि रात्रीं उशिरां येणारी तरुण मंडळी शेजारच्या दुकानांत तळलेली कोंबडी व बिअर घेऊन बसतात. सगळें स्वस्त, झटपट व हंसतें-खेळतें. परगांवच्या प्रवाशास वाटतें कीं ही सर्व रचना हल्लींच्या सुखवस्तु पिढीनें आपल्या सोयीसाठीं केली असावी.

आमचें म्हणणें याहून निराळें आहे. या मेजावरील बहुतेक प्रत्येक वस्तूमागें टंचाई, स्थलांतर किंवा सरकारी हुकूम यांपैकीं कांहीं तरी उभें आहे. जेवणाराला त्याचा पत्ता नसतो; पण वाटींतल्या भातास, शेवयांच्या पिठास व कोंबडीच्या तेलास तो आहे. तो इतिहास क्रमानें सांगण्याचा हा प्रयत्न.

पैसे घेऊन जेवूं घालण्याची चाल कोरियांत नवी नाहीं. जोसन राजवंशाच्या उत्तर काळीं हमरस्त्यांवर, नदीच्या उतारांवर व बाजाराच्या गांवीं ‘जुमाक’ नांवाच्या खानावळवजा धर्मशाळा असत. तेथें दारू मिळे, कढणांत बुडविलेला भात मिळे, आणि अंग टाकण्यापुरती जागा मिळे. फेरीवाले, ओझीं वाहणारे व परीक्षेसाठीं राजधानीस निघालेले उमेदवार हे त्यांचे गिऱ्हाईक. एकाच वाडग्यांत कढण व भात घालून उभ्याउभ्या खाण्याची ही रीत घाईच्या माणसाची रीत होय. आजचें गुकबाप हें तिचेंच वंशज आहे.

कोरियन जेवण म्हटलें कीं आज जो लाल रंग डोळ्यांपुढें येतो त्याचा पहिला उल्लेखही अशाच एका दारूच्या गुत्त्याशीं जोडलेला आहे, हें आमच्या वाचकांस मौजेचें वाटेल. ई सु-ग्वांग या पंडितानें १६१४ सालीं ‘जिबोंग युसल’ नांवाचा ज्ञानकोशासारखा ग्रंथ रचला. त्यांत तो मिरचीस विषारी वनस्पति म्हणतो, ती जपानांतून आली असें सांगतो, आणि गुत्तेवाले ती कडक दारूंत घालून विकतात व पिणारे पुष्कळ मरतात, अशी तक्रार नोंदवितो. किमचींत मिरची घालण्याची कृति पुस्तकांत येते ती १८ व्या शतकांत. म्हणजे जी चव अनादि कालापासूनची समजली जाते तिचें वय तीनचार शतकांहून अधिक नाहीं. याबद्दल कोरियन मनुष्यास हंसण्याचा अधिकार आपल्यास मुळींच पोंचत नाहीं. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यानंतरच्या काळांत ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. आणि कोल्हापूरच्या रश्शास किंवा गोंयकाराच्या हुमणास मिरचीवांचून आज कोणी ओळखेल काय? एकाच शतकाच्या दर्यावर्दी व्यापारानें दोन दूरदूरच्या देशांच्या जिभा बदलून टाकल्या, व दोघांनींही नव्या पाहुणीस कुळांतली म्हणून घेतलें.

आतां शेवयांकडे वळूं. थंड पाण्यांतील शेवया, ज्यांस ‘नेंगम्यन’ म्हणतात, हें मूळचें कोरियाच्या उत्तर भागांतील खाणें. तिकडील डोंगराळ, थंड जमिनींत भातापेक्षां कुट्टू बरा पिकतो. आपल्या उत्तर हिंदुस्थानांत उपवासास चालतो तोच हा कुट्टू. त्याच्या पिठाच्या शेवया करून मुळ्याच्या आंबवणीच्या गार पाण्यांत बुडवून खावयाच्या, आणि त्याही भर हिंवाळ्यांत! होंग सक-मो यानें १८४९ सालीं लिहिलेल्या ‘दोंगगुक सेसिगी’ या ऋतुचर्येच्या ग्रंथांत हें खाणें अकराव्या महिन्यांत दिलें असून उत्तरेकडील प्यंगान प्रांतांतलें तें उत्तम, असा अभिप्राय दिला आहे. कारण उघड आहे. बर्फ हिंवाळ्यांतच असे. ऊन केलेल्या जमिनीच्या घरांत बसून बाहेरची थंडी वाडग्यांत घेण्याची ती मौज होती. पुढें बर्फाचे कारखाने निघाले तेव्हां हें हिंवाळी खाणें शहरांतून उन्हाळी झालें. प्यंगानच्या पूर्वेस असलेल्या हामग्यंग प्रांतांत बटाट्याच्या सत्वाच्या शेवया करीत. त्या इतक्या चिवट असत कीं दांतांस कसरत घडावी.

दक्षिणेकडील बुसान या गोष्टीपासून दूर होतें. १८७६ च्या तहानें जपाननें हें बंदर उघडविलें. १९०५ सालीं राजधानीपासून तेथवर आगगाडी आली व त्याच वर्षीं जपानच्या शिमोनोसेकी बंदराशीं आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली. १९१० सालीं सबंध देशच जपाननें गिळंकृत केला. समुद्रस्नान हा करमणुकीचा प्रकारही याच राज्यकर्त्यांबरोबर आला. बुसानमधील सोंगदो येथें १९१३ सालीं देशांतील पहिलें सार्वजनिक स्नानस्थान निघालें. हेउंदे येथें ऊन पाण्याचे झरे होते, त्यामुळें तेथें विश्रामगृहें झालीं, आणि १९३४ सालीं आगगाडीचें स्टेशन आलें. त्याच वर्षांत कोरियाच्या तांदळाचा मोठा हिस्सा जहाजांत भरून जपानला जात होता, व तो पिकविणारे शेतकरी मांचुरियांतून आणलेल्या राळ्यावर दिवस काढीत होते. पुळणीवरची सुट्टी आणि कोठारांतली रिकामी जागा या दोहोंचा काल एकच आहे, हें विसरतां कामा नये.

१९४५ सालीं जपानचा पराभव झाला व देश मोकळा झाला; पण मोकळा होतांच ३८ व्या अक्षांशावर त्याचे दोन तुकडे पडले. २५ जून १९५० रोजीं उत्तरेच्या फौजा दक्षिणेंत उतरल्या. थोड्याच आठवड्यांत सरकार पळत पळत बुसानला आलें, आणि मधला कांहीं काळ सोडल्यास १९५३ च्या ऑगस्टपर्यंत तेंच दक्षिणेचें तात्पुरतें राजधानीचें शहर होतें. सरकारामागोमाग लोक आले. १९४९ सालीं पांच लाखांच्या आंत असलेली वस्ती १९५५ सालीं दहा लाखांवर गेलेली दिसते. डोंगराच्या उतारांवर खोकीं व पत्रे यांच्या झोपड्या चढत गेल्या. आज प्रवासी ज्या रंगीत डोंगरवस्त्यांचीं छायाचित्रें घेतात त्यांतील कित्येकींचा जन्म असा झाला आहे.

या लोटांतील एक लाट विशेष सांगण्यासारखी आहे. १९५० च्या डिसेंबरांत चिनी सैन्याच्या रेट्यापुढें संयुक्त राष्ट्रांच्या फौजा हामग्यंग प्रांतांतील हुंगनाम बंदरांतून जहाजांनीं मागें घेतल्या, त्यांबरोबर सुमारें एक लाख नागरिकही निघाले. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ नांवाच्या एका मालवाहू जहाजानें एकट्यानें सुमारें १४,००० माणसें घेतलीं. तें २४ डिसेंबर रोजीं बुसानला लागलें, परंतु शहरांत मुंगीला शिरावयास जागा नव्हती म्हणून त्यास जवळच्या गजे बेटाकडे पाठविण्यांत आलें. निघतांना या लोकांनीं काय बरोबर घेतलें असेल? कोणी पोर घेतलें, कोणी भांडें, कोणी अंथरूण. घर, शेत व म्हातारीं माणसें पुष्कळांनीं मागें ठेवलीं. चार दिवसांनीं परत येऊं, अशी बहुतेकांची समजूत होती. परत कोणी गेलें नाहीं.

बुसानच्या उआम-दोंग या भागांत जपानी अमदानींत निर्यातीच्या गुरांची तपासणी होण्यापूर्वीं तीं ठेवण्याचे गोठे होते. निर्वासितांस त्या गोठ्यांत ओळीनें जागा करून देण्यांत आली. मधें फळ्या किंवा कापड लावून एकेका कुटुंबाचा संसार झाला. याच वस्तींत हुंगनामकडून आलेल्या एका कुटुंबानें शेवयांचें दुकान मांडलें. गांवीं त्यांचें तेंच दुकान होतें. तेव्हां परक्या शहरीं दुसरें काय करावें? ‘नेहो नेंगम्यन’ या नांवानें तें दुकान अद्याप चालूं आहे, आणि नेहो हें त्यांच्या सुटलेल्या गांवाचें नांव आहे.

पण शेवया करावयाच्या कशाच्या? उत्तरेचा कुट्टू मिळेना, बटाट्याचें सत्व मिळेना. मिळत होतें तें एकच पीठ, मदतीच्या पोत्यांतून येणारा अमेरिकेचा गहूं. १९५४ च्या अमेरिकन कायद्यान्वयें तेथील शिलकी धान्य मित्रराष्ट्रांस देण्याची व्यवस्था झाली, आणि कोरियांत गव्हाचा पूर आला. तेव्हां त्या दुकानानें १९५० च्या दशकांत गव्हाच्या पिठांत रताळ्याचें सत्व मिसळून शेवया केल्या. यांस नांव पडलें मिलम्यन, म्हणजे केवळ ‘गव्हाच्या शेवया’. दक्षिणेकडील लोकांस हामग्यंगच्या चिवट शेवयांपेक्षां या मऊ शेवया रुचल्या, आणि पाहतां पाहतां शहरभर त्यांचीं दुकानें झालीं. आज हेउंदेच्या किनाऱ्यावर भर ऑगस्टांत घामेजलेला तरुण बर्फाच्या कणांसह जो वाडगा तोंडास लावतो, तो हाच. त्याच्या दृष्टीनें तें बुसानचें खास, स्थानिक खाणें आहे, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. मात्र तें ज्यांनीं निर्माण केलें त्यांच्या दृष्टीनें तें नाइलाजाचें खाणें होतें. शेवटपर्यंत खऱ्या चवीची आठवण ठेवून त्यांनीं ही दुसरी चव लोकांस वाढली.

डुकराच्या हाडांच्या कढणांतील भाताची कुळकथा याहून वादग्रस्त आहे. कोणी तो उत्तरेकडून आला म्हणतात, कोणी दक्षिणेचाच म्हणतात. युद्धकाळांत बुसानच्या बाजारांतून त्याचा प्रसार झाला यांत मात्र बहुतेकांचें एकमत आहे. गुकजे व जागालची या बाजारांत तेव्हां जें तें विकलें जाई. लष्करी छावण्यांतून बाहेर पडलेले डबे, जुने कोट, मासळी व कढण यांचे ढीग एकमेकांस लागून असत. आणि विकणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा असे, कारण कित्येकींचे नवरे लढाईवर गेले होते, मेले होते किंवा सीमेच्या पलीकडे राहिले होते.

या बुसानशीं आपल्या देशाचाही थोडा संबंध आलेला आहे. हिंदुस्थाननें लढाऊ सैन्य पाठविलें नाहीं. परंतु ६० व्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या वैद्यकीय पथकास पाठविलें. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालीं तें १९५० च्या नोव्हेंबरांत बुसान बंदरांतच उतरलें. २७ जुलै १९५३ रोजीं युद्धबंदी झाली, तेव्हां स्वदेशीं परत जाण्यास राजी नसलेल्या २२ हजारांहून अधिक कैद्यांचें काय करावयाचें हा बिकट प्रश्न उरला. त्यांच्या रखवालीसाठीं जें हिंदी सैन्य गेलें त्याचे सेनापति कोल्हापुराकडील वडगांवचे मेजर जनरल शंकरराव थोरात हे होते. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनीं हिंदी शिपायांस आपल्या भूमीवर पाय ठेवूं देण्यास नकार दिल्यामुळें त्यांस जहाजांवरून हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यांत उतरविण्यांत आलें. शेवटीं कैद्यांपैकीं ८८ जणांनीं उत्तरही नको, दक्षिणही नको, चीनही नको व फोर्मोसाही नको असें ठरविलें, आणि १९५४ च्या फेब्रुवारींत ते हिंदी सैन्याबरोबर मद्रासला आले. त्यांतील ७६ जण कोरियन होते. पुढें बहुतेक ब्राझील व अर्जेंटिना या देशांत गेले, थोडे येथेंच राहिले. एका मराठी सेनापतीच्या पहाऱ्यांत असलेल्या या माणसांची व उआम-दोंगच्या गोठ्यांतील माणसांची अवस्था मुळांत एकच होती. ज्या घरीं पान वाढून ठेवलें असेल अशी आशा धरावी, तें घर पृथ्वीवर उरलें नव्हतें.

युद्ध संपलें तरी टंचाई संपली नाहीं. तांदूळ पुरेना, आणि तांदळावांचून कोरियन मनुष्यास जेवल्यासारखें वाटेना. तेव्हां १९६० नंतर सरकारनें मिश्र धान्य व गहूं खाण्याची मोहीम उघडली. १९६३ च्या सप्टेंबरांत झटपट शिजणाऱ्या शेवयांचें पहिलें पुडकें बाजारांत आलें. त्याची किंमत दहा वॉन होती. १९६९ पासून खाणावळींस असा हुकूम झाला कीं बुधवारीं व शनिवारीं सकाळीं अकरापासून संध्याकाळीं पांचपर्यंत तांदळाचा पदार्थ विकूं नये. शाळेंत गुरुजी मुलांचे डबे उघडून भातांत जंव मिसळले आहेत कीं नाहींत हें पाहत. देवळांतला प्रसाद तपासला जावा त्याप्रमाणें लोकांचें जेवण तपासलें जाऊं लागलें.

आतां त्या पोलादी वाटीची गोष्ट. पूर्वीं कोरियन माणसाचा भाताचा वाडगा चांगला थोरला असे. जुन्या छायाचित्रांतून त्यावर भाताची शीग चढलेली दिसते. १९७० च्या दशकांत सरकारनें खाणावळींतील वाडगा लहान करण्याचें मनावर घेतलें. १९७६ सालीं सोल शहरानें नियम केला कीं वाटीचा आंतील व्यास १०.५ सेंटिमीटर व उंची ६ सेंटिमीटर असावी, आणि तीही कांठोकांठ न भरतां चार पंचमांश भरावी. पुढें हें माप देशभर लागू झालें. तांदळाची टंचाई केव्हांच मिटली आहे. उलट आज माणशीं तांदूळ वर्षानुवर्षें कमी खपतो म्हणून तेथील शेतकऱ्यांची तक्रार आहे. वाटी मात्र तशीच राहिली. हेउंदेच्या खाणावळींत झांकण उघडतांना जो लहानसा ‘टण्’ आवाज होतो, तो एका सरकारी हुकमाचा आहे. हुकूम देणारे गेले, कारण गेलें, पण हाताला वाटीचा आकार पाठ झाला.

आतां राहिली तळलेली कोंबडी. ही तर खास आजकालची, असें कोणासही वाटेल. कोरियांत खाण्याचें तेल कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें तें १९७० नंतर. तत्पूर्वीं कढईभर तेलांत सबंध कोंबडी तळणें सामान्याच्या आवांक्याबाहेर होतें. पण गल्लोगल्लीं ही दुकानें झालीं तीं निराळ्याच कारणानें. १९९७ सालीं आशियाई देशांवर आर्थिक अरिष्ट कोसळलें, आणि त्या वर्षअखेर कोरियास आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें हात पसरावा लागला. जन्माची नोकरी समजून ज्या पेढ्यांत व कारखान्यांत लोक चिकटले होते तेथून ते हजारोंनीं काढले गेले. चाळिशी उलटलेल्या, हातीं निवृत्तीची थोडी रक्कम व घरीं शिकणारीं मुलें असलेल्या माणसानें काय करावें? थोड्या भांडवलांत, फारशा शिक्षणाशिवाय, एखाद्या मोठ्या संस्थेच्या पाटीखालीं कोंबडी तळण्याचें दुकान काढतां येई. पुष्कळांनीं काढलें, व पुष्कळांचें बुडालेंही. २००२ सालीं विश्वचषकाचे फुटबॉलचे सामने कोरियांत झाले तेव्हां रात्रीरात्रीं कोंबडी व बिअर घेऊन खेळ पाहण्याची हौस पसरली, आणि हौसेखालीं दुकानदाराची चिंता झांकून गेली. गोठ्यांत शेवया करणारें कुटुंब आणि टाय सोडून कढईपुढें उभा राहिलेला कारकून, यांच्यांत पंचेचाळीस वर्षांचें अंतर आहे; दोघेही एका जगांतून निघून दुसऱ्या जगांत आले, आणि दोघांनींही दुसऱ्यास जेवूं घालून आपलें पोट भरलें.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करणें अवश्य आहे. पहिला असा कीं, मग यांतील अस्सल काय राहिलें? गहूं अमेरिकेचा, मिरची परदेशची, वाटी सरकारी, कोंबडी कर्जाची! आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. २०२२ सालीं युनेस्कोनें उत्तर कोरियाच्या विनंतीवरून प्यंगयांगच्या थंड शेवयांची चाल मानवजातीच्या वारशाच्या यादींत घेतली, आणि तें उचितच झालें. परंतु गोठ्यांतील मिलम्यन त्याहून कमी अस्सल कां म्हणावें? पहिलीनें एका प्रदेशाच्या हवेचें व मातीचें स्मरण ठेवलें आहे. दुसरीनें त्या प्रदेशावांचून जगण्याचें. वयानें लहान असलें म्हणून दुःख खोटें ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. सुट्टीस आलेल्या माणसानें वाडगा पुढें आल्यावर निर्वासितांची आठवण काढून गहिंवरावें अशी का तुमची अपेक्षा आहे? तशी मुळींच नाहीं. उपाशी माणसाचें हाल काव्यमय करून ते दुकानाच्या भिंतीवर टांगण्याची चाल अलीकडे सर्वच देशांत पडूं लागली आहे, आणि ती आम्हांस शिसारी आणते. ज्यांनीं गोठ्यांत दिवस काढले त्यांस गोठ्यांचें कौतुक नव्हतें. आपल्या नातवंडांनीं समुद्रांत पोहावें, भूक लागली म्हणून खावें व पोट भरल्यावर उठून जावें, एवढ्यासाठींच त्यांनीं तें सोसलें. विसरण्याची चैन ही देखील त्यांनींच मिळवून दिलेली आहे.

असें असूनही हा इतिहास कोठें तरी लिहून ठेवला पाहिजे असें आम्हांस वाटतें, त्याचें कारण काळ थांबत नाहीं हें आहे. सीमेपलीकडील आप्तांस भेटण्यासाठीं दक्षिणेंत सरकारदरबारीं आजवर सुमारें १,३३,००० लोकांनीं नांवें नोंदविलीं. २००० सालापासून अधूनमधून भेटी घडविण्यांत आल्या. दर वेळीं थोड्या कुटुंबांस, थोड्या तासांपुरत्या. शेवटची भेट २०१८ च्या ऑगस्टांत झाली. नांवें नोंदविणाऱ्यांपैकीं बहुसंख्य लोक आतां हयात नाहींत. त्याच २०१८ सालीं एप्रिल महिन्यांत दोन्ही बाजूंचे पुढारी सीमेवर भेटले, तेव्हां उत्तरेच्या अध्यक्षानें प्यंगयांगहून थंड शेवया मुद्दाम आणविल्या होत्या, आणि त्या दिवशीं सोल शहरांतील शेवयांच्या दुकानांपुढें लोकांच्या रांगा लागल्या. ज्यांस स्वतः सीमा ओलांडतां येत नव्हती त्यांनीं निदान तोच पदार्थ खाल्ला. राजकारणाच्या दृष्टीनें त्या भेटींतून फारसें निष्पन्न झालें नाहीं. पण त्या रांगांत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांस कोणत्या चवीची आठवण झाली असेल, तें कोणत्याही तहाच्या मसुद्यांत सांपडणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांची वस्ती होऊन तिचें उल्हासनगर झालेलें पाहिलें किंवा वडील माणसांकडून ऐकलें आहे, त्यांस ही हकीकत फारशी परकी वाटूं नये. तेथेंही लोकांनीं प्रथम जें मांडलें त्यांत खाण्याचीं दुकानें होतीं. तेथील डाळ-पकवानाची न्याहारी आज ठाण्यामुंबईकडचे लोक आवडीनें करतात. तें कोणत्या गांवच्या चुलीवरून आलें हें विचारणारे त्यांत थोडे असतील. विचारलें तर सांगणारेही आतां थोडेच राहिले आहेत.

म्हणून वाचकांपैकीं कोणी उद्यां त्या दूरच्या किनाऱ्यावर गेलाच, तर त्यानें खुशाल पोहावें व पोटभर जेवावें. दुकानदारास फुरसत असेल, आणि गल्ल्यावर एखादी वृद्ध बाई बसली असेल, तर एवढेंच विचारावें कीं, बाई, आपलें मूळ गांव कोणतें? उत्तर एका शब्दाचें येईल. तें नीट ऐकून लक्षांत ठेवावें.